आठ सूत

दारूखान्यात, तुंगेकरच्या गॅरेजात
दोन गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या,
दोघींचीही पुढची चाकं काढून ठेवलेली.
मधोमध मी, उकिडवा.
खिशात ग्रॅच्युइटीतलं उरलंसुरलं
आणि सवयीनं आणलेली स्टीलची पट्टी.

डावीकडची राजदूत, साडेतीनशे, सन चौऱ्याऐंशी.
टाकीच्या पोटाला गंज. पुढचं चाक अठरा इंची.
उजवीकडची जपानी, नऊशेची,
तोडायला आलेल्या एका जहाजाच्या रंगाच्या कोठीत
ताडपत्रीखाली सापडली म्हणे.
कागदपत्रांचं विचारलं की तुंगेकर घसा खाकरतो.
पुढचं चाक सोळा.

दोन इंचांचा फरक.
आसापासून जमिनीपर्यंत मोजा, एकच इंच,
म्हणजे आठ सूत.
तेहतीस वर्षं गोदीत फिटर होतो मी,
अर्ध्या सुतासाठी अख्खा पंप उतरवून परत चढवलाय.
सुतावरून स्वर्ग गाठणारे
मला कधी वेडे वाटले नाहीत.

"सोळा म्हणजे," विडी न पेटवता तुंगेकर सांगतो,
"तू बघशील तिकडे ती आधीच गेलेली असते.
तेव्हा शर्यतीत हेच होतं, म्हणून सगळ्यांनी रस्त्यावर आणलं.
उतरलं मग खूळ.
वळणात ब्रेक दाबलास तर ताडकन उभी राहते,
वर्गात नाव पुकारल्यासारखी.
आणि टायर? मिळेल. कोचीनला एक जण आहे.
सहा महिन्यांनी मिळेल."
"आणि अठरा?"
"बैल आहे. सांगितलेलं ऐकतो. जरा उशिरा ऐकतो."

भिंतीला टेकलेलं तिसरं एक चाक होतं, सतरा.
"हे घाल कुणालाही. टायर समोरच्या गल्लीत.
राजदूतला घातलंस तर काटा थोडं खोटं बोलेल."
"किती?"
"शंभरात चार-पाच. माणसं याहून जास्त बोलतात."
सतराकडे मी नीट पाहिलं.
त्यात काही वाईट नव्हतं.
त्यावर कधी कुणाचं भांडण झालं असेल असं वाटेना.

आमचं झालं होतं. हेमंत पागधरेचं आणि माझं.
त्याच्या लॉकरच्या दाराला आतून
एका जपानी मासिकातलं पान चिकटवलेलं, सोळा इंचवाली लाल.
डबे उघडले की वाद सुरू.
तो सोळा, मी अठरा.
दोघंही सायकलवरून घरी जायचो.
"तू म्हातारा म्हणूनच जन्मलास," म्हणायचा,
आणि माझ्या डब्यातला बोंबील उचलायचा.
दोन हजार नऊला गेला, मूत्रपिंडं.
लॉकर रिकामा करताना पान निघेना,
पत्र्याच्या रंगासकट खरवडून काढलं मी.

दुपारी चाकं चढवली.
रे रोडवरून शिवडीकडे जाणारा पोर्ट ट्रस्टचा रस्ता,
त्यात पुरलेले जुने रूळ, तिरपे.

सोळा.
कोळशाच्या वखारीकडे नुसती मान वळली
तर हँडल, खांदे, रस्ता, सगळं तिकडेच.
हसू आलं मला, हेल्मेटच्या आत, मोठ्यानं.
मग रूळ आला. चाक खाचेत उतरलं
आणि एक क्षण तिनं मला काहीच विचारलं नाही.
ज्या मनगटात पट्टी आहे
ते मनगट अजून सांगतंय.

अठरा.
रूळ आला, गेला.
ट्रेलर आला, गेला.
वळण येतंय हे मला कळलं, तिलाही कळलं,
मग आम्ही वळलो.
मधे इतका वेळ होता
की हेमंत काय म्हणाला असता तेही ऐकून झालं.

"मग?" तुंगेकर.
"राजदूत."
पैसे मोजले. त्यानं परत मोजले.
मी पट्टी काढली, उगीच,
आठ सुतांवर अंगठ्याचं नख ठेवलं.
एवढंच होतं.

"ती दुसरी इतक्यात विकू नकोस."
"पैसे आहेत?"
"नाहीत."
आता कुठे त्यानं विडी पेटवली.
"कोचीनला फोन तेवढा लाव," मी म्हटलं,
"टायरचं विचारून ठेवायला काय जातं."